गावच्या हायस्कूलचा इतिहास लिहायचाय? आधी जनरल रजिस्टर उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जून १९६६ मध्ये आठवीच्या एका वर्गानं सुरू झालेल्या तुमच्या गावच्या हायस्कूलला यंदा साठ वर्षं होतायत. माजी विद्यार्थ्यांनी हीरक महोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि इतिहासाचा लेख तुमच्या गळ्यात पडलाय. शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांची यादी आणि निकालांचा तक्ता हातात मिळाला. ‘बाकी काही नाही’ म्हणाले. आता सुरुवात कुठून करायची?

बाकी सगळं आहे. फक्त ‘इतिहास’ असं लेबल लावून कुणी ठेवलेलं नाही. मी चौतीस वर्षं खेड्यांतल्या हायस्कूलमध्ये काढली, शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. दोन स्मरणिकांचा संपादक होतो. पहिली फसली, दुसरी बरी झाली. पहिली का फसली ते जमिनीच्या गोष्टीत सांगतो.

शाळेत जाऊन जनरल रजिस्टर नंबर एक मागा, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली पहिली वही. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कापडी पुठ्ठ्याचं, लांबरुंद, दोन हातांनी उचलावं लागेल असं असतं. मुख्याध्यापक लगेच देणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. तो कायम जपायचा दस्तऐवज आहे, त्यातल्या एका खाडाखोडीवर लोक कोर्टात गेलेत. लेखी अर्ज करा, ऑफिसातच बसून लेखनिकासमोर बघा, बाहेर नेऊ नका. तुमच्या शाळेच्या पहिल्या एक-दोन पानांचे कोपरे बाकीच्या पानांपेक्षा जास्त झिजलेले असतील. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तुमची पहिली दोन वर्षं नेमकी त्याच्या आतली. त्या पानांसाठी गावातली निम्मी घरं एकदा तरी ऑफिसच्या दारात उभी राहिली असणार. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला राज्यभर जुनी दप्तरं उघडली, तेव्हा शाळांची रजिस्टरंही टेबलावर आली होती. ज्या वहीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं तिच्यासाठी अचानक रांग लागली.

आता ते रजिस्टर कसं वाचायचं. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक. या रकान्यांवरून डोळा फिरवा, पण जन्मतारखेपाशी जरा थांबा. एका पानावर किती ‘१ जून’ आहेत ते मोजा. पहिलीत नाव घालायला आलेल्या आईला विचारलं की ती सांगायची, ‘हा झाला तवा कोळपणी चालली हुती.’ त्यावर गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख एक जून टाकायचे. तीच तारीख पुढं हायस्कूलच्या रजिस्टरात उतरायची आणि मग जन्मभर अंगाला चिकटायची. माझीही तीच आहे. एक जूनला जन्मलेला नोकर एकतीस मेला निवृत्त होतो, त्यामुळे दर वर्षी त्या दिवशी निरोपाचे हार कमी पडायचे.

पण खरा ऐवज शेवटच्या रकान्यात आहे: ‘शाळा सोडण्याचे कारण’. माझं ठाम मत आहे की खेड्यातल्या हायस्कूलबद्दल या एका रकान्याइतकं खरं कुणीच बोलत नाही. स्मरणिकेत डॉक्टर, इंजिनिअर, डेप्युटी कलेक्टर झालेले येतात. या रकान्यात बाकीचे आहेत. ‘घरकामासाठी’, ‘शेतीकामासाठी’, ‘मुंबईस गेल्यामुळे’, ‘सतत गैरहजर’, ‘लग्न झाल्याने’, आणि अधूनमधून नुसतं ‘पालकांची इच्छा’. लाल शाईतल्या या दोन-तीन शब्दांवर एकेक आयुष्य वळलेलं असतं. पहिली दहा वर्षं, मधली दहा, शेवटची दहा असे तीन तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात आठवीला किती आले, शेवटच्या परीक्षेला किती बसले आणि मधले कशापायी गळले, एवढंच मोजा. वेगळ्या रकान्यात मुली मोजा. पहिल्या पानांवर त्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. त्यांच्या बापांचे धंदे विचारा. शिक्षक, तलाठी, दुकानदार, फार तर एखादा माजी सैनिक असंच बहुधा निघेल. शेतकऱ्याची पहिली मुलगी कोणत्या साली आली आणि मॅट्रिकपर्यंत पोचलेली पहिली कोण, ही दोन उत्तरं मिळाली तरी तुमचा लेख निम्मा झाला.

एक पथ्य मात्र पाळा. नावासमोरचं कारण, जात, नापासाचा शेरा यातलं काहीही छापू नका. आकडे छापा. ज्यांची गोष्ट नावासकट द्यायची त्यांच्या घरी जा, विचारा आणि हो म्हणाले तरच द्या.

आता मागची हकिकत, कारण तुमची शाळा १९६६ मध्ये आकाशातून पडली नाही. स्वातंत्र्याच्या आधी हायस्कूल म्हटलं की तालुक्याचं गाव, तेही सगळीकडे नाही. खेड्यातलं पोरगं सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालं की शिक्षण संपलं. ‘फायनल झालेला’ माणूस गावात मोठा, त्याला मास्तरकी मिळायची. पुढं शिकायचं तर तालुक्याला खोली नाहीतर नातेवाइकाचा ओटा, आणि ते परवडणारी घरं ठरलेली. ही कोंडी फोडणाऱ्यांत आमच्या भागात पहिलं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. गावोगाव बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या, त्या मुष्टीफंडावर वसतिगृहं चालली. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही, पोरांनी राबायचं आणि शिकायचं. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं १०१ हायस्कूल काढायचा संकल्प भाऊरावांनी केला. म्हणून आजही कुठल्या कुठल्या गावात ‘महात्मा गांधी विद्यालय’ अशी पाटी दिसते. ९ मे १९५९ ला ते गेले, तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या.

हे एकट्या साताऱ्याचं नाही. नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासून होता. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कोल्हापुरात बापूजी साळुंखे यांची स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था १९५४ ची. तुमची शाळा यांपैकी कुणाची की गावानं स्वतः मंडळ नोंदवून काढलेली, ते आधी पाहा. कागद कुठं शोधायचे ते त्यावर ठरतं. मोठ्या संस्थेची शाखा असेल तर मान्यतेची पत्रं, बदल्यांचे आदेश, तपासणी अहवाल मुख्य कार्यालयात निघतील. गावच्या मंडळाची असेल तर घटना आणि नियामक मंडळाची यादी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मिळेल. ठरावबुक मात्र पहिल्या सेक्रेटरींच्या घरी माळ्यावर असेल, बियाणाच्या पत्र्याच्या डब्याशेजारी.

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर चित्र वेगळं. तिथं निजामाच्या काळापासूनच्या सरकारी शाळांची परंपरा आहे, म्हणून आजही जिल्हा परिषदेची ‘प्रशाला’ भेटते. पश्चिम महाराष्ट्रात बहुतेक हायस्कूल संस्थांची आणि सातवीपर्यंतची शाळा तेवढी परिषदेची. मराठवाड्यातलं जुनं दप्तर उर्दूत आणि तारखा फसली सनात असतील. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. हे माहीत नसल्यानं एका गावात शाळेचं वय सहा शतकांनी वाढवलेलं मी स्वतः पाहिलंय.

जाता जाता नावाबद्दल. गावोगाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ दिसतात, शिकवतात मराठीतून. नवी पिढी हसते. पुण्यात १८८० मध्ये टिळक-चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि ते नाव पुढं चांगल्या हायस्कूलची खूणगाठ झालं. ‘इंग्रजी शाळा’ म्हणजे इंग्रजी शिकायला मिळेल ती, एवढाच तेव्हा अर्थ होता. पाटी किती वेळा बदलली तेही टिपून ठेवा. आधी गावदेवाचं नाव, मग देणगीदाराच्या वडिलांचं, मग नेत्याचं. गावातली सत्ता कुठून कुठं सरकली ते पाटीवर वाचता येतं.

तुमची शाळा आठवीच्या एका वर्गानं सुरू झाली म्हणता. त्याला ऑफिसच्या भाषेत ‘नैसर्गिक वाढ’ म्हणतात. यंदा आठवी, पुढच्या जूनला नववी. जून १९६६ ची आठवीची पोरं जुन्या अकरावीला मार्च १९७० मध्ये बसली, म्हणजे तुमची पहिली मॅट्रिकची बॅच ती. परीक्षा घेणारं राज्य मंडळही १ जानेवारी १९६६ चंच, म्हणजे तुमच्या शाळेहून पाच-सहा महिन्यांनी मोठं. आणि १९७५ पाशी सावध राहा. आकृतिबंध बदलला, त्यामुळे जून १९७१ ला आठवीत आलेली पोरं जुन्या अकरावीला आणि १९७२ ला आलेली नव्या दहावीला त्याच एका साली बसली. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या करताना या दोन बॅच हमखास एकमेकींत मिसळतात आणि मग मेळाव्यात कुणाला कुणाच्या वर्गात बसवायचं यावरून रुसवेफुगवे. मी त्या पहिल्या दहावीचा. अकरावीवाले आजही आम्हाला ‘एक वर्ष चोरलेले’ म्हणतात.

वर्ग भरायचे कुठं ते म्हाताऱ्यांना विचारा. मारुतीचं देऊळ, चावडी, धर्मशाळा, कुणाचा तरी रिकामा वाडा. माझ्या पहिल्या नोकरीच्या गावात नववी ‘अ’ अनेक वर्षं विठ्ठलाच्या सभामंडपात भरत होती आणि एकादशीला वर्ग पारावर जायचा. तिथले सत्तरीतले लोक अजून ‘देवळातली नववी’ म्हणूनच ओळख सांगतात.

आता जमीन. पहिल्या स्मरणिकेत मी लिहिलं की शाळेची जागा अमक्या पाटलांनी दान दिली. सगळे तसंच सांगत होते, शाळेच्या कोनशिलेवरही तेच होतं. अंक वाटून झाला आणि आठव्या दिवशी एक तरुण घरी आला. आवाज चढवला नाही. पिशवीतून फेरफाराचा उतारा काढून टेबलावर ठेवला. पाटलांची जमीन अर्धी होती. उरलेली अर्धी, जिथं आज पटांगण आहे ती, त्याच्या आजीची. ती विधवा होती, पदरात दोन पोरं होती आणि बक्षीसपत्रावर तिचा अंगठा होता. कोनशिलेच्या दिवशी तिला कुणी बोलावलं नव्हतं. ‘आजी जाईपर्यंत पटांगणाकडनं जाताना चप्पल काढायची,’ एवढंच तो म्हणाला. मी पुढच्या अंकात चूक दुरुस्त केली, पण पुढचा अंक कोण वाचतो?

म्हणून सांगतो, सातबारा आणि फेरफार काढल्याशिवाय जमिनीबद्दल एक ओळही लिहू नका. फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. अजून एक तयारी मनात ठेवा. खूप शाळांच्या सातबाऱ्यावर आजही दात्याचंच नाव आहे, शब्दावर दिलेली जमीन कागदावर आलीच नाही. तसं निघालं तर ते स्मरणिकेत छापायच्या आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. नातवंडांच्या काळात जमिनीला भाव आला की शब्द विरघळतो.

पैशाची बाजू पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींत सापडते. ऊसपट्ट्यात कारखाना टनामागं काही पैसे शिक्षणासाठी कापायचा, त्यातून खोल्या उठल्या. कोकणात मुंबईकर मंडळं. गिरणीतले चाकरमानी परळच्या दामोदर हॉलमध्ये गावच्या पोरांचं नाटक लावायचे आणि तिकिटाचा पैसा इमारत निधीला धाडायचे. अशा एका शाळेची पावतीपुस्तकं मी चाळलीत. १९८१ पर्यंत लालबाग-परळचे पत्ते ओळीनं येतात. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, त्यानंतर ते पत्ते दिसेनासे होतात. पायापर्यंत आलेली खोली पुढं कित्येक वर्षं पायापर्यंतच होती.

फीचं काय, हे तरुण वाचक विचारतील. ‘ई.बी.सी.’ हा शब्द जुन्या लोकांपुढं नुसता उच्चारा, अर्धा तास बोलतील. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी मिळाली. वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत असल्याचा तलाठ्याचा दाखला जोडायचा. फॉर्मवर सही आणायला पोरं तलाठ्यामागं गावभर फिरायची. माझ्या समजुतीनं खेड्यातली हायस्कूल भरली ती इमारतींमुळे कमी आणि या फॉर्ममुळे जास्त. पुढं ऐंशीच्या दशकात मुलींना बारावीपर्यंत फीमाफी झाली, तेव्हा मुलींचा रकाना कसा भरत जातो ते रजिस्टरात दिसेलच.

लॉगबुक, म्हणजे शाळेतल्या घडामोडींची नोंदवही, आणि शेरेबुकही मागा. शेरेबुकात तपासणीला आलेले अधिकारी बहुधा ‘समाधानकारक’ लिहून जेवायला गेलेले असतात, त्यात वेळ घालवू नका. लॉगबुक मात्र सोन्यासारखं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तुमची शाळा त्या पट्ट्यात असेल तर त्या आठवड्याची पानं शोधा. मराठवाड्याच्या दक्षिण भागात ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. १९७२ च्या दुष्काळाची नोंद तर सगळीकडे असेल. ती मला वेगळी शोधावी लागत नाही, कारण त्याच जूनला मी आठवीत गेलो. हजेरीपटावर अर्धा वर्ग गैरहजर असायचा आणि तोच वर्ग दुपारी खडी फोडायच्या कामावर भेटायचा. सरांना हे माहीत होतं. ते हजेरी घेताना गैरहजराच्या नावापाशी पेन उचलायचे, आमच्याकडे बघायचे आणि ‘कामावर का?’ विचारून पुढं जायचे. नाव मात्र कमी केलं नाही कुणाचं. दुष्काळात वाटलेली सुकडी खाल्लेल्या हाताचा वास वह्यांना यायचा.

आता ज्याच्यासाठी माजी विद्यार्थी स्मरणिका विकत घेतात ते. रात्रीची अभ्यासिका. निकालाच्या तक्त्यामागचं खरं यंत्र ते होतं आणि कुठल्याही सरकारी कागदात ते नाही.

दिवाळी झाली की मॅट्रिकची पोरं संध्याकाळी जेवून शाळेत यायची. काखेत वळकटी, हातात कंदील, खिशात शेंगा. वाडी-वस्तीवरची दोन भाकरी फडक्यात बांधून आणायची, सकाळच्यासाठी. बाकं भिंतीला लावून मधे सतरंजी. चार-पाच जणांत एक कंदील, त्यामुळे कोण कुणाशेजारी बसणार हे कुणाच्या घरी रॉकेल आहे त्यावर ठरायचं. सर समोरच्या खुर्चीत घोंगडं पांघरून, पायाशी छडी आणि हातात बॅटरी. अकराला ‘झोपा’, पहाटे चारला ‘उठा’. उठवायला आमचे गणिताचे सर नावानं हाक मारायचे नाहीत, प्रमेयाचा नंबर सांगायचे. ज्याचा नंबर त्यानं अंथरुणातूनच सुरू करायचं. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. विंचू निघायचे, बाकावर झोपायला मिळावं म्हणून मारामाऱ्या व्हायच्या आणि शेजारच्या गावच्या जत्रेत तमाशा असला की निम्मी वळकटी रिकामी, उशीला पांघरूण घालून ठेवलेली. सरांना तेही कळायचं. ते वळकट्यांना बॅटरी लावायचे नाहीत. सकाळी प्रार्थनेच्या वेळी ‘काल वग कोणता झाला?’ एवढंच विचारायचे.

या अभ्यासिकेचा कुणाला जादा पगार नव्हता. बायकापोरांना घरी ठेवून सर तीन-चार महिने शाळेत झोपायचे. आणि हेही लिहा की मुली यात नव्हत्या. त्यांना रात्री कोण पाठवणार? काही गावांत एखाद्या सरांच्या पत्नीनं स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मुलींना बसवून घेतलं, तेवढीच त्यांची अभ्यासिका. त्या काकूंचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर शोधाच.

शिक्षकांबद्दल लिहिताना एक साधी गोष्ट लक्षात घ्या. प्राथमिकचे ते ‘गुरुजी’, हायस्कूलचे ते ‘सर’. गुरुजी बहुधा पंचक्रोशीतले असायचे, सर लांबचे, बदलीवर आलेले, गावात खोली करून राहिलेले. त्यामुळे गावानं सरांना पोसलंही आणि त्यांच्यावर लक्षही ठेवलं. भाजी, ताक, हुरडा दारात यायचा, आणि सर कुणाच्या ओट्यावर किती वेळ बसले तेही संध्याकाळी सगळ्यांना ठाऊक. स्कूल कमिटी आणि मुख्याध्यापक यांची भांडणं हा तर स्वतंत्र ग्रंथ होईल. सरपंचकीत हरलेल्या गटानं रस्त्यापलीकडे दुसरं हायस्कूल काढलं अशी गावं तुम्हालाही माहीत असतील. तुमच्याकडे तसं झालं असेल तर टाळू नका, फक्त दोन्ही बाजूंना विचारून लिहा.

शाळा गावाच्या किती कामाला आली तेही दोन परिच्छेदांत येऊ द्या. मतदान तिथं, लसीकरण तिथं, मे महिन्यात लग्नाचं वऱ्हाड तिथं, पुराच्या वेळी खालची आळी तिथं. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. शिवारात दीड मैलावर ऐकू जायचा. मधल्या सुट्टीचा टोल पडला की शेतातली माणसं न्याहारी सोडायची. शिपाई रजेवर गेला आणि टोल चुकला त्या दिवशी एका बाईनं येऊन तक्रार केली होती की तुमच्यामुळे माझी भाकरी लवकर झाली. गॅदरिंगमधले शेलापागोटे, सव्वीस जानेवारीची प्रभातफेरी, लेझीम हे सगळे लिहितीलच, त्यावर तुम्ही जागा घालवू नका.

वाहतुकीवर मात्र लिहा. खेड्यातल्या मुलीचं शिक्षण एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतं. संध्याकाळी साडेपाचची गाडी बंद झाली की वाडीवरच्या मुली शेवटचा तास सोडतात आणि दुसऱ्या वर्षी शाळाच सोडतात. मुलींना मोफत पास मिळाला, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आणि सायकली आल्या, त्याचा फरक मी वर्गात बसून पाहिलाय. तुमचा तालुका त्यात होता का ते तपासा.

आणि अलीकडची वर्षं झाकू नका. स्मरणिका नव्वदच्या दशकापाशी येऊन भावुक होतात आणि थांबतात. पटसंख्या कधीपासून घसरली? गावात इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन पहिल्यांदा कोणत्या साली आली? संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, कोणतं पद गेलं? चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर ती जागा भरली का? शाळेला किंवा एखाद्या तुकडीला अनुदान नसेल तर त्या शिक्षकांनी किती वर्षं बिनपगारी काढली? ‘कायम विनाअनुदानित’ धोरणातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला, पण पगार त्यानंतरही टप्प्याटप्प्यानं, तोही रडतखडत. मी ज्यांच्याबरोबर स्टाफरूममध्ये चहा प्यायलो त्यातले काही जण सुट्टीत दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीला जायचे आणि सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून विज्ञान शिकवायचे. त्यांच्या चहाचे पैसे कोण देतं हे न बोलता ठरलेलं असायचं.

मुलाखती कुणाच्या घ्यायच्या? यशस्वी लोकांच्या सगळ्यात शेवटी. ते बोलायला तयारच असतात आणि बहुधा भाषण करतात. आधी अशा चार माणसांकडे जा ज्यांचं नाव रजिस्टरात आहे पण निकालपत्रात नाही. त्यातल्या एकीनं मला सांगितलं की नववीत नाव काढलं तेव्हा कंपासपेटी तिनं घरात लपवून ठेवली होती. धाकटीला दिली नाही, पुढं मुलीलाही दिली नाही, आणि आता नातीनं ती शोधून काढली. माझ्या दुसऱ्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्या पेटीचा फोटो होता. तिनं परवानगी दिली, नाव मात्र छापू नका म्हणाली.

फोनवर रेकॉर्ड करायचं तर विचारून करा आणि त्याच रात्री कागदावर उतरवा. जुने फोटो मिळाले की मागं पेन्सिलीनं नावं लिहून घ्या. फोटोतली माणसं ओळखणारी माणसं दर वर्षी कमी होतायत. पावसाळ्याच्या आत रजिस्टरची, लॉगबुकची पानं मुख्याध्यापकांच्या परवानगीनं स्कॅन करून शाळेलाच द्या. वाळवी हीरक महोत्सव बघत नाही.

आणि छापायला द्यायच्या आधी प्रूफ शाळेच्या सगळ्यात जुन्या शिपाईमामांना वाचून दाखवा. आमच्या मामांनी अकरा चुका काढल्या. नऊ बरोबर निघाल्या. उरलेल्या दोन त्यांना अजून मान्य नाहीत, आणि खरं सांगायचं तर एकीबद्दल आता मलाही खात्री वाटत नाही.